भाकरीला भिऊ नका, हिशेब ठेवा

(ऊस विकास अधिकारी, म्हसावद गट)



या पत्रिकेत आम्ही बहुधा बेणे, लागण, पाणी आणि खत यांविषयी लिहितो. रोगाविषयी लिहायचे झाले तर ते काणी, तांबेरा किंवा गवताळ वाढ यांच्याविषयी, अशी आमच्या खात्याची रीत. या अंकात ती थोडी मोडत आहोत. ऊस नोंदीला आणि पक्वता तपासणीला गावोगाव हिंडताना बांधावर जी बोलणी निघतात, त्यांत हल्ली उसाच्या रोगापेक्षा माणसाच्या रोगाचा विषय जास्त असतो. "अमक्याला शुगर निघाली" हे वाक्य म्हसावद आणि आसपासच्या खेड्यांत कोणाला नवे राहिलेले नाही. आजारावर डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. पण त्या वाक्यापाठोपाठ घरात जेवणाची जी धास्ती शिरते, तिच्यावर सहसा कोणी बोलत नाही. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

आरंभीच एक खुलासा. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. गोळी कोणती, किती, इन्सुलिन केव्हा, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचे. आमचे म्हणणे एवढेच की मधुमेहात पथ्य हवे, हिशेब हवा, तपासणी हवी. परंतु भीती हा पथ्याचा भाग नाही. उलट भीतीपायीच पथ्य मोडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भीतीची तीन रूपे

ही भीती तीन प्रकारांनी दिसते.

पहिले रूप उपाशी राहण्याचे. शुगर २४० निघाली म्हणून एखादा सभासद रात्रीचे जेवणच बंद करतो. दुपारी अर्धी भाकरी, रात्री नुसते पाणी. असे आठ दिवस पोटाला चिमटा घेतो. नवव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत बसला की जीव राहत नाही आणि आठ दिवसांचे एकदम वसूल करतो. मग घरी येऊन स्वतःला दोष देत पुन्हा उपास सुरू.

दुसरे रूप यंत्राचे. मुलाने शहरातून ग्लुकोमीटर आणून दिलेला असतो. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा पाहायला सांगितले, तर हा दिवसातून सहा वेळा बोट टोचतो. आकडा १३० आला की चेहरा खुलतो, १९० आला की समोरचे ताट सरकवतो. घरातली माणसे त्याच्या तोंडाकडे पाहून आकडा ओळखतात.

तिसरे रूप तोंड फिरवण्याचे. "आकडा कळला की झोप उडेल, त्यापेक्षा न कळलेला बरा," असे म्हणून हा तपासणीलाच जात नाही. चहात दोन चमचे साखर, जिलेबी, सगळे चालू. बाहेरून निर्धास्त दिसतो, पण आतून सर्वांत जास्त भ्यालेला हाच असतो.

एका आबांनी आम्हाला बांधावर ऐकवले, "साहेब, ऊस आमचा, कारखाना आमचा, अन् साखर पाहिली की आमच्याच पोटात गोळा येतो!" सगळे हसले. आबाही हसले. पण त्यांनी त्या दिवशी सोबत आणलेली शिदोरी सोडली नव्हती, हे आमच्या ध्यानात आले.

ही काही आपल्याच भागातील खोड नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मधुमेही माणसाच्या मनावरचा भार मोजण्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सतत खाण्याचीच काळजी लागून राहणे, आवडीचे खाणे हिरावले गेले असे वाटणे, साखर एकदम उतरेल याची धास्ती, पथ्य चुकले की अपराधी वाटणे, असे विषय तीत आहेत. आज जगभर ती वापरली जाते. म्हणजे आजाराबरोबर मनावर येणारा हा भार वैद्यकशास्त्राने ओळखलेला आहे. तो आला म्हणून कोणी भित्रा ठरत नाही.

आधी लाज सोडावी

भीतीच्या मुळाशी पुष्कळदा लाज असते. मधुमेह म्हणजे खादाडपणाची शिक्षा, किंवा श्रीमंत, बसून खाणाऱ्या माणसाचा आजार, अशी समजूत अजून आहे. मग नांगर धरलेल्या, दारे धरलेल्या, सडपातळ माणसाला शुगर निघाली की त्याला चारचौघांत सांगायला संकोच वाटतो.

ही समजूत सोडून द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. एवढी सगळी माणसे खादाड असणे शक्य नाही.

आपल्या महाराष्ट्रातच या प्रश्नाचा मुळातून अभ्यास झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. शेतकरी, कष्टकरी घरातल्या या माता. त्यांची बाळे वजनाने कमी भरली, पण विलायती बाळांशी तुलना केली तेव्हा त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त आढळले. बाहेरून किडकिडीत आणि आतून चरबीचा अंश अधिक, असा हा आपला देह. आईच्या पोटातली उपासमार पुढे चाळिशीत मधुमेहाला वाट करून देते, या विचाराला अशा अभ्यासांनी बळ दिले. कुपोषणाचे नाव निघाले की आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव येतेच. तेव्हा ज्याच्या आजीने, आईने अर्धपोटी दिवस काढले, त्याला शुगर निघाली तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? कमकुवत बेण्याच्या फुटव्याला आपण दोष देत नाही. पाणी-खत सांभाळून तो जोपासतो.

उपाशी राहण्याचा काळ १९२२ साली संपला

जेवण बंद करणे हा इलाज एके काळी खरोखरच होता, हेही सांगितले पाहिजे. इन्सुलिन नव्हते तेव्हा न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्यासारखे नामवंत वैद्य मधुमेही रुग्णांना उपाशी ठेवत. त्या वेळी दुसरा उपायच नव्हता. त्याने काही रुग्ण थोडे अधिक दिवस जगत, काही मात्र भुकेनेच जात. कॅनडात टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा असाच उपासमारीवर होता, वजन जेमतेम तीस किलो. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले इन्सुलिन जानेवारी १९२२ मध्ये त्याला टोचण्यात आले. पहिल्या मात्रेने फारसे साधले नाही. औषध अधिक शुद्ध करून काही दिवसांनी पुन्हा दिले आणि मुलगा सावरला. तो पुढे १३ वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हाच आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात.

त्या दिवसापासून मधुमेहाच्या उपचारातून उपासमार निघून गेली. शंभराहून अधिक वर्षे झाली. आता औषधे आहेत ती माणसाला जेवता यावे म्हणून आहेत. ती औषधे घेऊन वर उपाशी राहणे म्हणजे मोटार चालू ठेवून विहीर कोरडी पाडण्यासारखे आहे. नुकसान मोटारीचेच.

एका कांडीवरून फडाचा निकाल नको

आता आकड्याच्या भीतीकडे येऊ. हा विषय आमच्या रोजच्या कामाशी फार जुळतो.

तुम्ही आम्हाला ब्रिक्स घेताना पाहिले आहे. बांधाकडचा एक ऊस मोडून, त्याच्या एका कांडीचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून आम्ही तोड ठरवीत नाही. फडाच्या आत जातो, पाच-सहा ठिकाणचे ऊस घेतो, शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस वेगळा पाहतो, दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व झाला असे म्हणतो. एका थेंबाला एवढी किंमत देत नाही.

बोटावरचा एक आकडा हाही असाच एक थेंब आहे. त्यात अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (२०१३) शंभराच्या वरच्या आकड्यात शेकडा १५ पर्यंतचा फरक चालतो. म्हणजे यंत्राने १५० दाखवले तर खरा आकडा १३० ते १७६ यांमध्ये कुठेही असू शकतो. बोटाला पपईचा, केळीचा, गुळाचा किंवा उसाच्या रसाचा अंश राहिला असेल, तर आकडा उगाच चढतो. आपल्या भागात पपई तोडून, ऊस मोडून तसेच बोट टोचणारे थोडे नाहीत. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचावे.

आणखी एक कोडे पुष्कळांना पडते. "रात्री काहीच खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर वाढलेली कशी?" पहाटे उठण्याच्या सुमारास शरीरातील काही द्रव्ये वाढतात आणि यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडते. मधुमेहात तिला आवर घालणारे इन्सुलिन कमी पडते, म्हणून उपाशीपोटीही आकडा चढतो. काळजी, भांडण, जागरण, ताप यांनीही असेच होते, कारण अशा वेळी शरीर संकट आले असे समजून साखर मोकळी करते. म्हणजे जेवणाला भिऊन रात्रभर तळमळणारा माणूस त्या तळमळीनेच साखर वाढवून घेऊ शकतो.

फडाचा सरासरी उतारा जसा, तशी एचबीए१सी ही तपासणी. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी ती सांगते. पुष्कळ प्रौढ रुग्णांसाठी ती ७ च्या आसपास असावी, उपाशीपोटी साखर ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी, असे साधारण धोरण असते. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर हे आकडे सैल ठेवतात. तुमचे आकडे कोणते, हे त्यांनाच विचारून वहीवर लिहून घ्यावे. शेजाऱ्याचे आकडे आपले समजू नयेत.

इथे आपल्या भागापुरती एक महत्त्वाची सूचना. सातपुड्याच्या या पट्ट्यात, विशेषतः आमच्या आदिवासी सभासदांच्या घरांत, सिकलसेलचा आजार आहे. सिकलसेल असला, किंवा पंडुरोग असला, तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, कारण ही तपासणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर आधारलेली आहे. घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. ते दुसऱ्या तपासणीचा आधार घेतील. असल्या आकड्यावरून खूश होणेही चुकीचे आणि घाबरणेही.

भ्यायचेच तर कशाला भ्यावे

भीती सोडा याचा अर्थ बेफिकीर व्हा असा कोणी लावू नये. काही गोष्टींची धास्ती योग्यच आहे.

साखर ७० च्या खाली उतरणे ही त्यांतली पहिली. दरदरून घाम, हातापायांना कापरे, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग असंबद्ध बडबड. ज्यांच्या फिडरला अजून रात्रीची पाळी आहे, ते सभासद संध्याकाळी गोळी घेऊन, भीतीपोटी अर्धेच जेवून रात्री उसाला पाणी द्यायला जातात. दारे धरण्याचे श्रम होतात, पोटात काही नसते आणि साखर उतरते. माणूस एकटा, अंधार, बाजूला विहीर. सकाळी कोणी पाहिले तर "पिऊन पडला" असा शिक्का मारून पुढे जातो. आम्ही प्रत्येकास विनवितो, बडबडणाऱ्या माणसाला दारुड्या ठरवण्याआधी त्याला शुगर आहे का, हे विचारा.

उपाय आपल्याच कारखान्यातून निघतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी, किंवा अर्धा ग्लास उसाचा रस. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच. मग भाकरी किंवा दूध द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक १०८ ला फोन करावा.

हे सगळ्यांच्याच बाबतीत घडत नाही. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याची साखर सहसा अशी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती उतरू शकते. आपली गोळी कोणत्या जातीची, हा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारला तर निम्मी धास्ती जागच्या जागी जाईल. ज्यांची गोळी साखर उतरवणारी आहे, त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. उपास, रोजा, किंवा २०१८ च्या सुमारास राज्यभर गाजलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत, यांपैकी काहीही करायचे असेल तर आधी गोळीचे माप डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. गोळी तीच आणि जेवण कमी, हा हिशेब जुळत नाही.

दुसरी धास्ती पायांची. तोडलेल्या फडात बुडखे कसे टोचतात ते तुम्हाला सांगायला नको. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली तर जखम कळत नाही. अनवाणी फडात जाऊ नये आणि रात्री झोपताना तळवे पाहावेत. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी करावी. ज्या माणसाला भाकरीच्या तुकड्याची एवढी भीती वाटते, तो पुष्कळदा पाय आणि डोळे यांकडे वर्षानुवर्षे पाहतच नाही. भीती चुकीच्या जागी लागली आहे, ती काढून योग्य जागी लावावी.

ताटाचा हिशेब

आता ताटाकडे. आपल्या खानदेशी ताटात भिण्यासारखे फार थोडे आहे. दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, तुरीचे किंवा उडदाचे वरण, वांग्याचे भरीत, मेथी, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, अंडी, तापीचे मासे. निम्मे ताट भाजी, पाव ताट डाळ-कडधान्य किंवा अंडी-मासे, पाव ताट भाकरी किंवा भात, एवढा अंदाज लक्षात ठेवला तरी पुरे. भाजी-वरणापासून सुरुवात करून भाकरी मागून खाल्ली तर साखर सावकाश चढते. ज्वारीची म्हणून चार भाकरी चालतात असे मात्र नाही. तिच्यातही पिष्ट आहेच. उपासाच्या दिवशीचा साबुदाणा आणि बटाटाही याच हिशेबात धरावा.

गुळाविषयी मोठा गैरसमज आहे. "साखर बंद केली, आता गुळाचा चहा" असे अभिमानाने सांगणारे भेटतात. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. उसाच्या ग्लासभर रसात सहा-सात चमचे साखर सहज असते. साखर उतरली असताना तो औषध आहे, एरवी मधुमेही माणसाने त्याच्यापासून लांबच राहावे. हे साखर कारखान्याच्या पत्रिकेत छापून यावे याचे कोणाला नवल वाटेल. पण साखर विकणे आमचा धंदा आहे, सभासदाचे पोट बिघडवणे नव्हे. सभासद म्हणून मिळणारी सवलतीची साखर घरात आली म्हणजे ती मधुमेही माणसाने संपवलीच पाहिजे असा कोणताही ठराव झालेला नाही.

आणि सणावाराचे काय? आखाजीला घरात मांडे आणि आमरस, श्रावणात कानबाईचे रोट. त्या दिवशी घरचा कर्ता माणूस कोपऱ्यात तोंड पाडून बसतो. आमच्या मते हे बरोबर नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत राहून मांड्याचा चतकोर, लहान वाटीभर रस, त्या जेवणात भात नाही, भाकरी नाही, आणि जेवणानंतर शेतापर्यंत चालत फेरी, असा हिशेब बसवता येतो. वर्षातून एक सण ठरवून, मोजून खाल्ला तर तो हिशेबात धरता येतो. चोरून खाल्लेला लाडू मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. घास बिनहिशेबी झाला तरी एका जेवणाने आयुष्य बुडत नाही. एक पाणी चुकले म्हणून आपण फड मोडत नाही, पुढचे पाणी वेळेवर देतो. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे, उपासाची भरपाई करू नये.

माऊल्यांसाठी दोन शब्द

घरातील पुरुषाला शुगर निघाली की त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी, आणि त्यावर पहारा. "हे खाऊ नका, ते खाऊ नका" हा जप दिवसभर चालतो. हेतू चांगला असतो, पण पहाऱ्याने माणूस चोरून खायला शिकतो. वेगळे शिजवण्याऐवजी घरातील सगळ्यांनीच तेल-साखर कमी असलेले एकच जेवण जेवावे. त्यात नुकसान कोणाचेच नाही आणि माऊलीचे काम निम्म्यावर येते.

बाईला शुगर निघाली तर मात्र वेगळी भाजी कोण करते? ती सर्वांच्या मागून, उरलेले, वेळ टळल्यावर जेवते. गोळी सकाळची आणि जेवण दुपारी तीनला, असे तिचे चालते. तिला चक्कर आली तर "अशक्तपणा" म्हणून सोडून देतात. ज्या घरात बाईला मधुमेह आहे, त्या घराने तिला वेळेवर आणि सर्वांबरोबर जेवायला बसवावे. याला पैसा लागत नाही.

भीती नसेल तर पथ्य कोण पाळेल?

आमचे हे म्हणणे काही ज्येष्ठ सभासदांना पटत नाही. "धाक असला म्हणजेच माणूस सरळ चालतो, तुम्ही धाक काढलात तर लोक पेढ्याचे बॉक्स रिकामे करतील," असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात बसलेल्या धाकाने तंबाखू सोडलेली, रोज चालायला लागलेली माणसे आहेत.

पण धाक महिनाभर पुरतो आणि मधुमेह जन्मभर चालतो. दुष्काळाच्या भीतीने कोणी एक वर्ष पाणी जपेल, पण ठिबक बसवलेला माणूस दरवर्षी जपतो, कारण त्याच्या पाण्याला व्यवस्था आहे. पथ्यालाही व्यवस्था हवी. ठरलेली वेळ, ठरलेले माप, ठरलेली तपासणी, रोजचे चालणे, गोळीचा नियम. ही व्यवस्था बसली की भीतीला काम उरत नाही.

चार सूचना

कारखाना ही आपली सहकारी संस्था आहे. म्हणून संचालक मंडळ आणि सभासद यांच्यापुढे चार साध्या सूचना ठेवतो.

एक, गळीत हंगाम सुरू होतो त्याच सुमारास १४ नोव्हेंबर येतो. त्या आठवड्यात प्रत्येक गट कार्यालयात सरकारी आरोग्य खात्याच्या मदतीने साखर व रक्तदाब तपासणी ठेवावी. तिशीवरील प्रत्येकाची अशी तपासणी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ती फक्त सभासदाच्या दाराजवळ आणायची आहे.

दोन, काट्यावर आणि केनयार्डात प्रथमोपचाराच्या पेटीत साखरेच्या पुड्या आणि एक ग्लुकोमीटर ठेवावा. ऊस घेऊन आलेले गाडीवान, ट्रॅक्टरचालक आणि सभासद तिथे तासन् तास रांगेत उपाशी थांबतात.

तीन, वार्षिक सभेत आणि गट सभांत बिनसाखरेचा चहा वेगळा मागावा लागू नये. दोन्ही किटल्या शेजारी शेजारी असाव्यात. मागणाऱ्याला "काय, तुम्हालाही लागली का?" असे विचारू नये.

चार, पंगतीत आग्रह करताना "एका जिलेबीने काय होतं" हे वाक्य आपण सर्वांनी सोडून द्यावे, आणि कोणी मोजून एक घेतली तर "तुम्हाला चालते का?" हेही सोडून द्यावे. दोन्ही वाक्ये भीतीच वाढवतात.

ज्यांना खाण्याची धास्ती इतकी झाली आहे की झोप नाही, कामात मन नाही, जगणे नकोसे वाटते, त्यांनी ते मनात कुढत ठेवू नये. डॉक्टरांना जसे पायाच्या जखमेविषयी सांगतो तसे हेही सांगावे. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी एवढेच. ज्या भाकरीसाठी तुम्ही उन्हातान्हात राबता, ती पुढ्यात आल्यावर हात कापू नये, असे आम्हाला वाटते. पुढच्या फेरीत आम्ही ब्रिक्स घ्यायला येऊ, तेव्हा उसाचा आकडा आम्ही सांगू, तुमच्या आकड्याची वही तुम्ही दाखवा. आणि शिदोरी सोडून आमच्यासमोर चार घास खा.

जय सहकार!